विश्लेषण : रायफलची गोळी महागली, नेमबाजांचा सराव परवडणार कसा?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिम्पिक पदक. महाराष्ट्राला तर वैयक्तिक पदकासाठी खाशाबा जाधव यांच्या १९५२च्या हेलसिंकीनंतर ७२ वर्षे वाट पाहावी लागली. त्या विजयाच्या बातम्यांबरोबरच आणखी एक तपशील घरोघरी पोहोचला. मुलाच्या गोळ्यांसाठी शिक्षक असलेल्या वडिलांनी कर्ज काढले होते. रायफल एकदा घेतली की अनेक वर्षे चालते. गोळी मात्र एकदा झाडली की संपली, आणि गेल्या काही वर्षांत तिची किंमत सतत वर सरकते आहे. हा भाव का वाढतो, आणि नेमबाज त्यातून वाट कशी काढतात, याचा हा आढावा.

नेमबाजीत गोळ्यांवर एवढा खर्च का होतो?

५० मीटर थ्री पोझिशनमध्ये नेमबाज गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत नेम धरतो. पात्रता फेरीत प्रत्येक स्थितीत २० याप्रमाणे ६० गोळ्या मोजल्या जातात. त्याआधी आणि स्थिती बदलताना नेम जुळवण्यासाठी झाडलेल्या गोळ्या वेगळ्या. म्हणजे एका सामन्यातच शंभरच्या आसपास काडतुसे सहज संपतात.

खरा खर्च सामन्यात नव्हे, सरावात होतो. हिशेबाच्या सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. एखादी खेळाडू आठवड्यातून चार दिवस, दर दिवशी १०० गोळ्या झाडते आणि वर्षातले ४५ आठवडे सराव करते, असे मानले तर वर्षाला १८,००० गोळ्या होतात. एका गोळीला ३० रुपये धरले, तर हा खर्च ५ लाख ४० हजार रुपये. गोळीमागे फक्त पाच रुपये वाढले तरी वर्षाचा बोजा ९० हजारांनी वाढतो. मध्यमवर्गीय घराला ही रक्कम पेलणारी नाही. रेंजचे शुल्क, जॅकेट-ट्राउझर, प्रशिक्षकांचे मानधन आणि स्पर्धांचा प्रवास यांत धरलेलाच नाही.

पॉइंट टू टूच्या काडतुसात असते तरी काय?

या प्रकारात पॉइंट टू टू लाँग रायफल हे काडतूस वापरतात. त्याचा जन्म अमेरिकेत १८८७च्या सुमाराचा. गोळीचा व्यास साधारण ५.६ मिलिमीटर आणि वजन सुमारे २.६ ग्रॅम. पितळी नळकांडे, त्यात चिमूटभर दारू, तोंडाशी शिशाची गोळी आणि नळकांड्याच्या बुडाच्या कडेत भरलेले स्फोटक मिश्रण, अशी त्याची रचना असते. रायफलचा घोडा त्या कडेवर आदळला की मिश्रण पेटते, दारू जळते आणि गोळी सुटते.

यातल्या शिशाची किंमत पाहिली तर आश्चर्य वाटेल. शिशाचा भाव टनाला दोन हजार डॉलरच्या आसपास धरला, तर २.६ ग्रॅम शिसे ४०-५० पैशांचे होते. मग गोळी एवढी महाग का? कारण ग्राहक शिशासाठी पैसे मोजत नाही, सारखेपणासाठी मोजतो. हजारो काडतुसांत दारूचे वजन, कडेतल्या मिश्रणाचे प्रमाण, गोळीचा आकार आणि तिच्यावरचा मेणाचा थर जवळजवळ एकसारखा ठेवणे सोपे नाही. जगात अगदी मोजके कारखाने हे काम उच्च दर्जाने करतात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमची १८२८ पासूनची इली, जर्मनीतील शोनेबेक येथे उत्पादन करणारी लापुआ आणि जर्मनीचीच आरडब्ल्यूएस ही त्यांतली प्रमुख नावे. पुरवठादार इतके थोडे असले की मागणी जराशी वाढली तरी भाव हलतो.

भाव वाढण्याची कारणे कोणती?

पहिला धक्का करोनाकाळात बसला. २०२० मध्ये अमेरिकेत शस्त्रखरेदीची लाट आली. त्या वर्षी तेथील एफबीआयकडे पार्श्वभूमी तपासणीचे सुमारे ३ कोटी ९७ लाख अर्ज आले. तोवरचा तो उच्चांक होता. नव्याने बंदूक घेणारा प्रत्येक जण गोळ्याही घेतो. दुकानांतील फळ्या रिकाम्या झाल्या आणि कारखान्यांपुढे मागण्यांचा ढीग साचला. जगातील नागरी दारूगोळ्याची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिका असल्याने तेथील टंचाईची झळ सगळीकडे लागते.

दुसरा धक्का युद्धाचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर युरोपातील देशांना आपली दारूगोळ्याची कोठारे किती रिकामी आहेत हे कळून चुकले. मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने उत्पादन वाढवण्यासाठी ५० कोटी युरोंचे साहाय्य जाहीर केले आणि त्यातला मोठा वाटा दारू व स्फोटकांच्या निर्मितीकडे वळवला. खरी अडचण तिथेच होती. आधुनिक धूरविरहित दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज हा असतो आणि तो बनतो सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून. युरोपातील कारखाने या तंतूंसाठी बऱ्याच अंशी चीनवर अवलंबून आहेत. तोफगोळा असो वा खेळाची गोळी, दोघांनाही शेवटी तोच कच्चा माल लागतो. पॉइंट टू टूच्या काडतुसात दारू ग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपासच असते. त्यामुळे दारूच्या भावाचा थेट परिणाम मोठा नसतो. पण सैन्याची मोठी मागणी दारात उभी असताना खेळाडूंच्या छोट्या मागणीला प्राधान्य मिळत नाही.

तिसरे कारण म्हणजे अँटिमनी हा फारसा चर्चेत नसलेला धातू. शिशात थोडासा अँटिमनी मिसळला की गोळी कठीण होते. स्फोटक मिश्रणातही त्याचे संयुग वापरले जाते. या धातूच्या पुरवठ्यावर चीनचे वर्चस्व आहे. चीनने सप्टेंबर २०२४ पासून अँटिमनीच्या निर्यातीवर नियंत्रणे लादली आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेला होणारी निर्यात थांबवली. आंतरराष्ट्रीय बाजारात त्याचा भाव वर्षभरातच तिपटीच्या घरात गेला.

याखेरीज काडतुसे ही स्फोटक वर्गातील मालवाहतूक आहे. ती कोणत्याही जहाजातून किंवा विमानातून पाठवता येत नाहीत. परवानग्या, विमा आणि खास पॅकिंग हे सगळे अखेर गोळीच्या किमतीतच उतरते.

रुपयाचा यात काय संबंध?

उच्च दर्जाच्या गोळ्या युरोपातून येतात, म्हणजे किंमत युरो किंवा पौंडात ठरते. २०२०च्या सुरुवातीला एक युरो ८० रुपयांच्या आसपास होता. २०२५ मध्ये त्याने शंभरी ओलांडली. समजा, एका गोळीची कारखान्यातील किंमत पाव युरो आहे. पूर्वी ती २० रुपयांना पडली असती, आता २५ रुपयांना पडेल. युरोपातल्या कारखान्याने दर एका सेंटनेही वाढवला नाही, तरी भारतातील नेमबाजाला तीच गोळी २५ टक्क्यांनी महाग पडते. कारखान्याने भाव वाढवला, तर हा मार दुहेरी होतो.

स्वस्त गोळ्या वापरल्या तर काय बिघडते?

५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. अंतिम फेरीत तर गुण दशांशात मोजतात. १०.१ आणि १०.८ यांच्यातला फरक पदक ठरवतो.

इथे थोडे भौतिकशास्त्र मदतीला येते. सुमारे ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटलेली गोळी ५० मीटर जायला साधारण ०.१६ सेकंद घेते. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला जवळपास १२ सेंटिमीटर खाली ओढते. रायफलच्या नेमात ही घसरण आधीच धरलेली असते. पण डब्यातल्या दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर संथ गोळी वेगवान गोळीपेक्षा सात-आठ मिलिमीटर खाली लागते. नेमबाजाने काहीच चूक केलेली नसते, तरी दहाचा नऊ होतो.

सरावात याहून मोठे नुकसान संभवते. गोळीच बेभरवशाची असेल, तर चूक आपली की गोळीची हे कळत नाही. खेळाडू नसलेली चूक दुरुस्त करू लागते आणि चांगले तंत्र बिघडवून बसते. म्हणून अनुभवी प्रशिक्षक सर्वांत स्वस्त गोळी घेण्याचा सल्ला देत नाहीत. कामापुरती सारखी असलेली मधल्या दर्जाची गोळी सरावाला आणि पारखून घेतलेली उत्तम गोळी स्पर्धेला, अशी विभागणी अधिक शहाणपणाची ठरते.

गोळी न झाडता सराव होऊ शकतो का?

होऊ शकतो आणि जगभरातील अव्वल नेमबाज तो नेमाने करतात. याला ड्राय फायर म्हणजे कोरडा सराव म्हणतात. रायफल रिकामी ठेवून स्थिती घ्यायची, श्वास स्थिर करायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा आणि ‘टक्’ असा आवाज झाला त्या क्षणी नेम कुठे होता हे पाहायचे. स्फोट नाही, धक्का नाही, त्यामुळे हात किंचित हलला तरी लगेच दिसतो. प्रत्यक्ष गोळी झाडताना हीच थरथर आवाजात आणि धक्क्यात लपून जाते.

उभ्या स्थितीसाठी या सरावाचा सर्वाधिक उपयोग होतो. तोल, स्नायूंची सहनशक्ती आणि चापावरचे नियंत्रण यांपैकी कशालाही गोळी लागत नाही. घरातल्या भिंतीवर प्रमाणात लहान केलेले लक्ष्य चिकटवून रोज अर्धा तास सराव करता येतो.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावीच लागते. सरावाच्या खोलीत एकही जिवंत काडतूस नको आणि रायफल रिकामी असल्याची खात्री दर वेळी डोळ्यांनी आणि बोटाने करायची. दुसरे म्हणजे पॉइंट टू टू रायफलमध्ये नळी रिकामी असताना घोडा थेट तिच्या कडेवर आदळून इजा होण्याची शक्यता असते. स्पर्धेच्या बहुतेक रायफलींत कोरड्या सरावासाठी वेगळी सोय असते. ती नसेल तर त्यासाठीचे नकली काडतूस वापरावे.

याच्या पुढची पायरी म्हणजे स्कॅटसारखी इलेक्ट्रॉनिक प्रशिक्षण यंत्रे. नळीवर बसवलेला छोटा संवेदक नेमाचा प्रवास टिपतो आणि संगणकाच्या पडद्यावर रेषेच्या रूपात दाखवतो. नेम लक्ष्यावर कुठून आला, मध्यावर किती वेळ थांबला, चाप ओढताना किती घसरला, हे सगळे दिसते. यंत्र स्वस्त नाही. पण एका क्लबने मिळून घेतले तर दहा-बारा जणांना पुरते आणि त्याची किंमत वाचलेल्या गोळ्यांतून भरून निघू शकते.

वरच्या उदाहरणातील खेळाडूने दिवसाच्या १०० गोळ्यांऐवजी ६० झाडल्या आणि उरलेला वेळ कोरड्या सरावाला दिला, तर वर्षाच्या १८,००० गोळ्यांच्या १०,८०० होतात. ३० रुपयांच्या हिशेबाने २ लाख १६ हजार रुपये वाचतात.

मग गोळ्या राखून ठेवायच्या कशासाठी?

कोरड्या सरावाने शिकता येत नाहीत अशा गोष्टी आहेतच. पहिली, वारा. ५० मीटरवर वाऱ्याच्या झुळकेने गोळी सरकते. झेंड्यांकडे पाहून किती क्लिक फिरवायचे किंवा कधी थांबायचे, हे गोळी झाडूनच कळते. दुसरी, धक्क्यानंतर रायफल पुन्हा त्याच जागी येते की नाही. तिसरी, एका स्थितीतून दुसरीत जाताना नेम नव्याने जुळवणे. चौथी, सामन्याचा ताण. वेळ लावून, गुण मोजून, शेजारी प्रतिस्पर्धी उभा करून झाडलेल्या ६० गोळ्या या विनाहेतू झाडलेल्या दोनशे गोळ्यांपेक्षा जास्त शिकवतात.

म्हणून महागाईच्या काळात गोळ्यांचेही अंदाजपत्रक लागते. महिन्याला इतक्या गोळ्या वाऱ्यासाठी, इतक्या सराव सामन्यांसाठी, इतक्या नव्या लॉटच्या चाचणीसाठी, असे आधीच ठरवायचे. प्रत्येक गोळी झाडल्यावर पडद्यावर पाहण्याआधी ती कुठे लागली असेल याचा अंदाज मनात नोंदवायचा आणि मग निकाल पाहायचा. अंदाज आणि निकाल जुळू लागले की तंत्र पक्के होत असल्याचे कळते. डायरीत लिहिलेल्या अशा नोंदी नंतर कुठे गोळ्या वाया जातात तेही दाखवतात. थकल्यावर झाडलेल्या शेवटच्या वीस-तीस गोळ्या बहुधा काहीच शिकवत नाहीत. तिथे थांबले तरी बचत होते.

एअर रायफलचा आधार कितपत?

१० मीटर एअर रायफलमध्ये दाबाखालच्या हवेने ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. दारू नाही, पितळ नाही, स्फोटक मिश्रण नाही. त्यामुळे छर्रा पॉइंट टू टूच्या गोळीच्या तुलनेत अगदी थोडक्या पैशांत मिळतो. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका तर अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. उभ्या स्थितीची शिस्त घोटून घ्यायला याहून चांगले साधन नाही. थ्री पोझिशनचे अनेक खेळाडू एअर रायफलही खेळतात ते याचमुळे. कायद्याचीही अडचण कमी आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा कमी ताकदीच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलला परवाना लागत नाही.

पण एअर रायफल हा पूरक सराव आहे, पर्याय नव्हे. बंद दालनात वारा नसतो आणि सामन्यात झोपून किंवा बसून नेम धरायचा नसतो. पैशांअभावी अनेक होतकरू मुले-मुली १० मीटरवरच थांबतात. खेळाच्या दृष्टीने खरे नुकसान इथे होते. ५० मीटरसाठी लागणारे कौशल्य असूनही केवळ गोळ्या परवडत नाहीत म्हणून त्यांची गुणवत्ता कधी तपासलीच जात नाही.

लॉटची चाचणी म्हणजे काय आणि तिने पैसे कसे वाचतात?

एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या गोळ्याही प्रत्येक उत्पादन-खेपेत किंचित वेगळ्या असतात. या खेपेला लॉट म्हणतात आणि तिचा क्रमांक डब्यावर छापलेला असतो. प्रत्येक रायफलच्या नळीचा स्वभावही वेगळा. एका नळीला मानवणारा लॉट दुसरीला मानवेलच असे नाही. म्हणून रायफल शिकंज्यात घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडतात आणि कोणत्या लॉटची छिद्रे सर्वांत जवळ पडतात ते मोजतात. मोठ्या कंपन्यांची यासाठी स्वतंत्र चाचणी केंद्रे आहेत.

यातून कधीकधी सुखद धक्का बसतो. मधल्या किमतीचा एखादा लॉट विशिष्ट नळीतून सर्वांत महाग गोळीच्या तोडीस तोड लागतो. तो सापडला की परवान्याच्या मर्यादेत जमेल तेवढा साठा एकदम घ्यायचा. वर्षभर पुन्हा चाचणी नको आणि मधल्या दरवाढीची झळही नाही.

साठा नीट ठेवला तरच हे गणित जुळते. पॉइंट टू टूच्या गोळीवर मेणासारखा थर असतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डबा राहिला तर तो थर वितळतो आणि गोळ्यांचा सारखेपणा जातो. कोकणातली दमट हवा असो की विदर्भातला मे महिना, काडतुसे थंड, कोरड्या आणि कुलूपबंद जागी ठेवावी लागतात. जुना साठा आधी वापरायचा, हा किराणा दुकानातला नियम इथेही लागू पडतो.

झाडलेली काडतुसे पुन्हा भरता येत नाहीत का?

मोठ्या रायफलींच्या बाबतीत येतात. ३०० मीटर नेमबाजी किंवा शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या काडतुसांत स्फोटक टोपी बुडाच्या मधोमध बसवलेली असते. झाडल्यावर ती काढून नवी बसवता येते, दारू मोजून भरता येते आणि वर नवी गोळी दाबता येते. काडतुसातील सर्वांत महाग भाग असलेले पितळी नळकांडे अशा प्रकारे अनेकदा वापरले जाते. अमेरिका आणि युरोपातील हौशी नेमबाज कित्येक दशकांपासून घरच्या घरी हे करतात. मात्र २०२०नंतर टोप्या आणि दारूचीही टंचाई झाल्याने त्यांचीही बचत आटली.

पॉइंट टू टूला हा मार्ग बंद आहे. तिच्यातले स्फोटक मिश्रण कडेच्या पन्हळीत भरलेले असते आणि घोड्याच्या आघाताने ती कड चेपली जाते. ती पूर्ववत करून पुन्हा भरणे व्यवहार्य नाही. शिवाय भारतात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे परदेशी व्हिडीओ पाहून घरी असा प्रयोग करण्याचा विचारही करू नये.

वापरलेले पितळ आणि शिसे मात्र वाया जायला नको. दिवसाला १०० गोळ्या झाडणाऱ्या एका खेळाडूकडून वर्षात सुमारे ४७ किलो शिसे लक्ष्यामागच्या अडथळ्यात जमा होते. रेंजने ते अधिकृत भंगार व्यावसायिकाकडे दिले, तर देखभालीचा काही खर्च निघतो आणि शिसे जमिनीत मुरत नाही. शिसे विषारी असल्याने सरावानंतर साबणाने हात धुणे आणि रेंजवर काही न खाणे, ही शिस्त लहान वयातच लावायला हवी.

गोळ्या मिळण्याची भारतातील पद्धत कशी आहे?

इथे पैसे असले तरी दुकानात जाऊन हव्या तेवढ्या गोळ्या घेता येत नाहीत. एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसे घ्यायची याची मर्यादा परवान्यावर असते आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या निकषांवर उतरलेल्या नेमबाजांना ‘नामांकित नेमबाज’ असा दर्जा मिळतो. त्यामुळे शस्त्रे आणि गोळ्यांची मर्यादा वाढते आणि आयातीत सवलत मिळते. त्या दर्जापर्यंत पोहोचण्यासाठी राष्ट्रीय स्पर्धांत ठरावीक गुण करावे लागतात. म्हणजे स्वस्त गोळ्या मिळण्यासाठी आधी चांगले खेळायला हवे आणि चांगले खेळण्यासाठी आधी महाग गोळ्यांवर सराव करायला हवा. नवोदितांची खरी कोंडी हीच आहे.

गोळ्यांची उसनवारीही सोपी नाही. परवाना किंवा कायदेशीर हक्क नसलेल्याच्या हाती काडतुसे सोपवणे गुन्हा ठरू शकतो. म्हणून नवोदितांसाठी सर्वांत सुरक्षित आणि स्वस्त मार्ग म्हणजे मान्यताप्राप्त क्लबमार्फत सराव करणे. क्लब एकत्रित मागणी नोंदवतो. माल एकाच वेळी आल्याने वाहतुकीचा आणि कागदपत्रांचा खर्च विभागला जातो आणि एकाच लॉटच्या गोळ्या सर्वांना मिळतात.

देशातच अशा गोळ्या बनवता येणार नाहीत का?

दारूगोळा बनवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, तर जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यात लष्कराच्या छोट्या शस्त्रांची काडतुसे बनतात. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन झाल्यानंतर हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले.

पण लष्करी गोळी आणि ऑलिम्पिकची गोळी यांच्या कसोट्या वेगळ्या. लष्कराला लाखोंच्या संख्येत, कोणत्याही हवामानात हमखास चालणारी गोळी हवी असते. नेमबाजाला ५० मीटरवर एका बटणाएवढ्या जागेत सगळ्या गोळ्या हव्या असतात. स्पर्धेच्या दर्जाची गोळी देशात बनायची तर वेगळी यंत्रे, वर्षानुवर्षांच्या चाचण्या आणि ते परवडेल एवढी मागणी लागेल. सरावासाठी भरवशाची, मधल्या दर्जाची देशी गोळी हे मात्र जवळचे उद्दिष्ट असू शकते. सरावातच सर्वाधिक गोळ्या खर्च होत असल्याने तिथली बचतही सर्वांत मोठी ठरेल.

मदत कुठून मिळते आणि ती पुरते का?

राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून कुसाळेची सुरुवात झाली आणि पुढे रेल्वेच्या नोकरीने स्थैर्य दिले. केंद्राच्या टार्गेट ऑलिम्पिक पोडियम योजनेतून निवडक खेळाडूंच्या परदेशी सरावाचा आणि साहित्याचा खर्च होतो. ‘खेलो इंडिया’तून कनिष्ठ गटाला शिष्यवृत्ती मिळते. ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्ट आणि पुण्यातील लक्ष्य यांसारख्या संस्था गुणवंतांना दत्तक घेतात. गगन नारंग यांनी सुरू केलेली गन फॉर ग्लोरी अकादमीही पुण्यातूनच उभी राहिली.

यातला बहुतेक पैसा खेळाडू वर आल्यानंतर त्याच्यापर्यंत पोहोचतो. गोळ्यांची सर्वांत जास्त गरज असते ती त्याआधीच्या तीन-चार वर्षांत, एअर रायफल सोडून ५० मीटरकडे वळताना. त्या टप्प्यावर राज्य संघटना, जिल्हा क्रीडा विभाग किंवा उद्योगांच्या सामाजिक निधीतून रोख रकमेऐवजी थेट ठरावीक गोळ्या मिळाल्या, तर खर्चाचा हिशेब सोपा राहील आणि दरवाढीचा फटका एकट्या पालकांवर बसणार नाही. कोल्हापूरने तेजस्विनी सावंतसारखी विश्वविजेती, राही सरनोबतसारखी आशियाई सुवर्णविजेती आणि आता ऑलिम्पिक पदकविजेता दिला. दीपाली देशपांडे यांच्यासारखे अनुभवी प्रशिक्षक राज्यात आहेत. बालेवाडीसारख्या रेंजही आहेत.

२०२८च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत कायम आहे. तेथे उतरणारे खेळाडू आज कुठल्या ना कुठल्या रेंजवर सराव करत असतील. जगाच्या बाजारातला गोळीचा भाव त्यांच्या हातात नाही. कोरडा सराव, एअर रायफल, लॉटची पारख आणि प्रत्येक गोळीची नोंद एवढे मात्र त्यांच्या हातात आहे. त्यानंतरही उरणारी तूट कर्ज काढून भरायची की व्यवस्थेने वाटून घ्यायची, हे राज्याच्या आणि देशाच्या क्रीडा प्रशासनाला ठरवावे लागेल.